दिवसा राम, रात्री कृष्ण

आंबोलीला येणारी माणसं दोन प्रकारची. एक, धबधब्याखाली भिजून, भाजलेलं कणीस खाऊन संध्याकाळी घाट उतरणारी. दुसरी, एक-दोन रात्री मुक्काम करणारी. या दुसऱ्या प्रकारातली काही आमच्याकडे उतरतात, कारण पावसाळ्यात आम्ही घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पहिल्या दिवशी सगळे खूश असतात. धुकं, पाऊस, कांदाभजी! दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यातल्या बाई स्वयंपाकघराच्या दाराशी येतात आणि विचारतात, "वहिनी, बघण्यासारखं आणखी काय आहे हो इथे?"

हिरण्यकेशी, कावळेसाद, महादेवगड, नांगरतास ही नावं त्यांनी आदल्या दिवशीच संपवलेली असतात. मग मी सांगते, "घाट उतरा. खाली दोन घरं आहेत, ती बघून या. एक राजवाडा आहे आणि एक गोठा."

राजवाडा म्हटल्यावर चेहरे खुलतात. गोठा म्हटल्यावर बाई माझ्याकडे जरा निरखून बघतात. पण एका पावसाळ्यात अशा चार-पाच घरांना मी खाली पाठवलं आणि आल्यावर प्रत्येकाने जास्त बोलणं केलं ते गोठ्याबद्दल.

आधी राजवाड्याचं सांगते, कारण वाटेत तो आधी लागतो. आंबोलीहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर. घाटातली वळणं संपली, कान मोकळे झाले, उकडायला लागलं की समजावं वाडी जवळ आली. गावाच्या मधोमध मोती तलाव, आणि तलावाच्या काठाशी भोसल्यांचा तांबड्या चिऱ्याचा राजवाडा. पण तिथे जाण्याआधी चितारआळीतून एक चक्कर मारावीच लागते. आमच्या पिढीतल्या बहुतेकींच्या रुखवतात सावंतवाडीची लाकडी फळं होती. केळी, सीताफळ, पेरू, वांगं, हिरवी मिरची. माझ्या रुखवतातली मिरची इतकी हुबेहूब होती, की लग्नात वरमायेने ती उचलून वास घेतलेला मला आठवतो! पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं आणि कोरायला मऊ, म्हणून खेळण्यांना ते धार्जिणं. त्यावर रंग आणि लाख चढवणारे ते चितारी, आणि त्यांची ती चितारआळी. दुकानं आजही आहेत. पण लाकडी भातुकलीच्या शेजारी प्लॅस्टिकची बाहुलीही टांगलेली असते, आणि मुलांचा हात कुठे जातो ते मी सांगायला नको.

या चितारी मंडळींचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे गंजिफा. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ मूळचा इराणकडचा, मोगलांबरोबर इकडे आला, आणि आपल्याकडच्या माणसांनी त्यात दशावतार आणून बसवले. मोगल गंजिफात आठ रंग आणि 96 पानं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं, म्हणजे बारा. एकूण पानं 120. मत्स्याच्या पंजावर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवं, परशुरामाच्या तिरीवर तीन परशू. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना दशावतार म्हटलं की जत्रेतला रात्रभर चालणारा खेळच आठवतो. तोच सगळा मेळा इथे तळहातात मावतो.

पूर्वी हे पान कसं व्हायचं ते ऐकण्यासारखं आहे. कापडाचा तुकडा घ्यायचा, त्याला चिंचोक्याची खळ लावून कडक करायचं. वरून खडूचा लेप. मग दगडाने घोटून घोटून गुळगुळीत. मग गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात. म्हणजे ब्रश हातात घ्यायच्या आधीच निम्मं काम झालेलं. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर आमच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगो, ही तर आमची घोंगडीची खळ!" कारागिराच्या घरातलं सामान हे असं आपल्याच घरातलं असतं.

आता मुद्द्याचं. 1948 साली सावंतवाडी संस्थान विलीन झालं. संस्थान गेलं तसा आश्रयही गेला. पत्ते खेळायचे तर छापील इंग्रजी कॅट आण्या-दोन आण्यांत मिळत होता, मग 120 पानं हाताने रंगवून घेणार कोण? होता होता अशी वेळ आली, की गंजिफा करणारा एकच जुना माणूस उरला. पुंडलिक चितारी त्यांचं नाव. वय ऐंशीच्या पुढे. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी या दोघांनी ती कला त्यांच्याकडून स्वतः शिकून घेतली.

हे वाक्य भरभर वाचून पुढे जाऊ नका. राजाने कलावंताला बिदागी दिली, मानाची शाल दिली, अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. इथे राजा आणि राणी चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसले. सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. सासरच्या गावाची कला त्यांनी सासरी येऊन हातात घेतली, आणि नुसती हौस म्हणून नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच काम सुरू झालं. गावातल्या मुलांना, मुलींना शिकवायचं, त्यांच्याकडून गंजिफा, पाट, चौरंग, डबे करून घ्यायचे, ते विकायचे. शिवरामराजे 1995 साली गेले. त्यानंतर राणीसाहेबांनी हे काम चालू ठेवलं, त्या 2018 साली जाईपर्यंत. आता पुढच्या पिढ्या ते बघतात. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दरबार हॉलमध्ये गेलात की भिंतीवर जुनी चित्रं, शस्त्रं वगैरे आहेतच. ते बघाच. पण मला तिथे खिळवून ठेवलं ते जमिनीवर बैठकी मांडीपुढे घेऊन रंगवत बसलेल्या बायकांनी. बाजूला रंगाच्या वाट्या, हातात दोन-चार केसांचा वाटावा असा ब्रश. एक जण कमळाच्या पाकळीची कड ओढत होती. मी श्वास रोखून बघत होते, आणि तिचं मात्र शेजारणीशी मुलाच्या परीक्षेबद्दल बोलणं चालू होतं. बोलणं तुटलं नाही आणि रेषही तुटली नाही. आपल्यातली एखादी बोलता बोलता न बघता चपातीची कड लाटते ना, अगदी तसं.

तिथेच मी दशावताराचा पूर्ण संच घेतला. किंमत चार आकडी, आणि बारीक कामाचा हवा तर आणखी चढी. भिशीचा माझा नंबर नुकताच लागला होता. घरी आल्यावर ह्यांनी डबा उघडला, पानं बघितली, किंमत विचारली आणि म्हणाले, "एवढ्यात इन्व्हर्टरची नवी बॅटरी आली असती." आली असती, खरंच. पण मी मनाशी एक हिशेब मांडला होता. एका पानाला अर्धा तास धरला, तरी 120 पानांचे साठ तास होतात. आणि अर्धा तास हा माझा अंदाज, जिने रांगोळीपलीकडे काही रंगवलं नाही त्या बाईचा. साठ तासांची मजुरी काढा आणि मग सांगा, महाग काय आहे ते. साडीच्या दुकानात हातमागाची म्हणून आपण निमूट पैसे मोजतो. लाकडाची, कागदाची वस्तू दिसली की लगेच "जरा कमी करा की" सुरू होतं. दुकानातल्या माणसाला कमी करणं एक वेळ परवडेल, रंगवणारीला कुठून परवडणार?

तर हा राजवाडा. आता गोठा.

सावंतवाडीहून कुडाळच्या रस्त्याला लागायचं, झाराप मागे टाकायचं, आणि कुडाळच्या थोडं अलीकडे पिंगुळी. पिंगुळी म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यापुढे आधी राऊळ महाराजांचा मठ येतो. पण त्याच पिंगुळीत गुढीपूरला ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि तिथे परशुराम गंगावणे यांचं घर. ठाकर आदिवासी कला आंगण. गंगावणे यांनी 2006 साली आपला गुरांचा गोठा मोकळा करून त्यात हे संग्रहालय मांडलं. सरकारी इमारत नाही, उद्घाटनाची भलीमोठी कोनशिला नाही. स्वतःचा गोठा!

कोकणात ज्या बाईने संसार केला तिला विचारा गोठा मोकळा करणं म्हणजे काय. गोठा म्हणजे घरचं दूध, शेतीला शेणखत, सारवायला शेण. आणि पहाटे उठून तिथे राबते ती बाई. म्हणून मला वाटतं, पुरस्काराच्या बातमीत गोठ्याचं कौतुक येतं तेव्हा त्यातला अर्धा वाटा त्या गोठ्यात राबलेल्या हातांचाही धरावा. तो सहसा धरला जात नाही.

ठाकर मंडळींच्या मिळून अकरा लोककला सांगतात. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, राधानृत्य, पांगुळ, गोंधळ, पोतराज, नंदीबैल, फुगडी, गीतं आणि डोना वाद्य. ही काही हौसेची यादी नाही. पावसाळा संपला की गावोगाव फिरून खेळ करायचे आणि त्यावर घर चालवायचं, असं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट होतं. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलाकारांना आश्रय होता. देवळातून, सणासुदीला खेळ करण्याचे मान त्यांच्याकडे असत. म्हणजे बघा, राजवाडा आणि गोठा ही दोन घरं मी उगाच एका दमात सांगत नाही. त्यांचं नातं जुनं आहे.

चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवरची चित्रं, एका कथेची एक पोथी. कथा रामायण-महाभारतातल्या. सांगणारा एक चित्र पुढे उभं धरतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक. तो गातो, बोलतो, मधेच बोटाने दाखवतो, मग ते चित्र मागे, दुसरं पुढे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, धावणारे घोडे. रावण असो की हनुमान, सगळे आपल्याकडे नाही, एकमेकांकडे बघत असतात. कारण आपल्याशी बोलायला तिथे माणूस बसलेला असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रं काचेमागे बघायला मिळतात. सुंदर आहेत. पण काचेमागच्या चित्राला आवाज नसतो, आणि चित्रकथीचा अर्धा जीव आवाजात आहे.

आम्ही गेलो तेव्हा आमच्याबरोबर माझ्या नणंदेची दोन मुलं होती, पुण्याची, एक नऊ वर्षांचा आणि एक बारा. रस्ताभर दोघं मोबाइलवर. तिथे कळसूत्री बाहुली दोऱ्यावर नाचायला लागली तेव्हाही मोठ्याची मान फार वर झाली नाही. मग पडदा लावला. मागे दिवा, आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर आल्या. धाकटा उठला, थेट पडद्यामागे गेला आणि तिथूनच ओरडला, "दादा, इथे नुसतं सपाट चामडं आहे!" आणि पळत पुढे येऊन पुन्हा बघायला लागला. असं तीनदा. कुणी त्याला ओरडलं नाही, की हात लावू नको म्हटलं नाही. मोठाही शेवटी उठलाच. संग्रहालयात मुलांना नेणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, "हात लावू नका" ही पाटी नसलेली जागा किती दुर्मिळ आहे.

गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मुलंही याच कामात आहेत, खेळ करतात, शिबिरं घेतात, चित्रं काढायला शिकवतात. त्याच वर्षी आमच्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडाचा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला, कारण 2020 साली तिथे माशाची एक नवी जात सापडली. बोटाएवढा मासा! आता तो मासा मेला तर दुसरीकडून आणता येणार नाही, हे सगळ्यांना पटतं. कुंडाशी पाटी लागते, लोक जपून वागतात. पोथीतली कथा पाठ असलेला म्हातारा गेला तर तीही दुसरीकडून आणता येत नाही, हे पटायला मात्र वेळ लागतो.

या दोन्ही घरांनी एक गोष्ट केली, जी करायला आपल्याकडे मन मोठं लागतं. विद्या घराबाहेर दिली. हातातलं कसब आपल्याच मुलाला सांगायचं, फार तर पुतण्याला, मुलीला तर नाहीच कारण ती परक्या घरी जाणार, ही जुनी रीत. कारागिराची भीतीही खोटी नव्हती. कसब हीच त्याची इस्टेट, ती सगळ्यांना वाटली तर खायचं काय? पण कुलूप लावून ठेवलेली इस्टेट पुंडलिक चिताऱ्यांपर्यंत येऊन एका माणसावर उभी राहिली होती. शिकणारं दार ठोठावत आलं म्हणून ती वाचली. तेही असं शिकणारं, ज्याच्याशी चिताऱ्याचं रक्ताचं नातं नव्हतं आणि ज्यात एक सून होती.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांचं जमत नाही. गंजिफाचा संच घेऊन आलेल्या बहुतेक बायका मला सांगतात, "फ्रेम करून हॉलमध्ये लावणार." दहा राजे दहा चौकटींत. दिसतं छानच. पण मग उरलेली 110 पानं डब्यात झोपून राहतात. अहो, ते पत्ते आहेत! खेळायला केलेले. कॅटमधला इस्पिकचा राजा आपण कधी भिंतीवर लावला का? मी माझ्या संचातलं एकही पान फ्रेम केलं नाही. नियम विचारून, वहीत लिहून घेऊन आले आणि आमच्या भिशीत डबा उघडला.

पहिल्या दिवशी फार करमणूक झाली. "पत्ते गोल कसले गो?" "माका काय ह्यां जमाचां नाय." आधी हातात कसे धरायचे हाच प्रश्न. तिघी खेळल्या तर एकेकीला चाळीस पानं येतात, आणि गोल पान सरळ पानासारखं पंख्यात बसत नाही, निसटतं. म्हणून आम्ही पाच जणी खेळतो, चोवीस-चोवीस पानं घेऊन. हुकूम नाही, म्हणजे तुरुप मारून सुटायची सोय नाही. कुठलं पान पडून गेलं ते लक्षात ठेवायचं. दहापैकी पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दहा लहान. हे डोक्यात बसायला आम्हाला एक अख्खा श्रावण लागला. ज्यांना काही जमणार नव्हतं त्या जाऊबाई आता सगळ्यात पक्क्या आहेत. पडलेली पानं त्यांना गावातल्या येण्यादेण्यासारखी पाठ असतात.

पानांना हात लागून कडा थोड्या काळवंडल्या. एका कासवावर चहाचा थेंब आहे. असू दे. राजवाड्यात कुणीतरी तो रंगवला तो हाताळण्यासाठीच.

खेळाचा पहिला नियम मला सगळ्यात आवडतो. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा जिच्या हातात तिची उतारी. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा जिच्याकडे तिची. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी, आणि शिवाय मध्यरात्री जन्मलेला. नियम इतका सोपा, की त्यावर भांडण होईल असं कुणाला वाटणार नाही. पण तो करणाऱ्याने आंबोलीचा ऑगस्ट बघितला नसावा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्याकडे. त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. धुकं खिडकीतून आत येऊन कपाटापर्यंत गेलेलं, लाईट सकाळपासून नाहीत, इन्व्हर्टर केव्हाच बसला होता. पानं वाटून झाली आणि दोघी एकदम म्हणाल्या, "उतारी माझी." एकीकडे राम, एकीकडे कृष्ण.

"चार वाजलेत, दिवस आहे."

"खंयचो दिवस? तुझां तोंड दिसणा नाय माका!"

घड्याळ दाखवून झालं, खिडकी दाखवून झाली. शेवटी सासूबाई आतून मेणबत्ती घेऊन आल्या, ती पाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "दिवो लावलो म्हणजे रात झाली."

कृष्णाचा राजा जाऊबाईंकडे होता. त्यांनी तो खाली टाकला.